उशाशी ठेवलेला डबा

आसगाव, २५ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. टीना हिस अनेक आशीर्वाद.

कैलाशभाऊजींनी भाऊबीजेला आणलेला तुझा डबा मिळाला. डबा रिकामा परत करायचा नाही आणि चिठ्ठीशिवाय तर नाहीच, ही मामंजींची रीत. म्हणून हाताशी फोन असूनही लिहिते. सोबत अनारसे आहेत.

तुझ्या त्या चॉकलेट-शेंगदाण्याच्या वड्या, तू ज्यांना फज म्हणतेस, सासूबाईंना फार आवडल्या. डबा उशाशी घेऊन बसतात. शेजारच्या सत्यभामाबाईंना बोलावून सांगितलं की धाकटीची वडी तोंडात टाकली का इरघळते. सव्वीस वर्षं मी अनारसे करते, तीन दिवस तांदूळ भिजवून, रोज पाणी बदलून. माझा डबा कधी उशाशी गेला नाही. यंदा तर एकच अनारसा घेतला आणि तोही पदराआड नेला. मला हेवा वाटला, लपवत नाही.

कृती पाठव. सहज विचारते.

तुझ्यावरची माया आहे तशीच आहे.
कुसुमताई

शहापूर, २९ ऑक्टोबर

ती. सौ. कुसुमताईंना सा. न. वि. वि.

अनारसे आमच्या रक्षाने शाळेतून आल्या आल्या संपवले, मला दोनच मिळाले. तुमचं ते ‘सहज’ वाचून खूप हसले.

शेंगदाणे भाजून, सालं काढून, तेल सुटेपर्यंत मिक्सरमधून फिरवा. डब्यातलं घट्ट गोड दूध, चॉकलेट आणि थोडं लोणी मंद आचेवर वितळवा. त्यात दाण्यांचा लगदा आणि चिमूटभर मीठ घालून ताटात थापा, फ्रीजमध्ये ठेवा. पाक मात्र करू नका. तुमचा हात पाकावर बसलेला, म्हणून मुद्दाम लिहिते.

धाकटीवर लोभ असू द्या.
टीना

आसगाव, ३ नोव्हेंबर

चि. सौ. टीना हिस आशीर्वाद.

तू नको म्हणालीस तरी मी पाक केला. पाकाशिवाय वडी धरेल यावर माझा विश्वासच बसेना. गोळीबंद पाकात सगळं घातलं आणि ताटात दगड झाला, शेवटी अडकित्त्याने फोडला. सासूबाईंनी एक तुकडा तोंडात फिरवला नि हळूच काढून ठेवला. मग विचारलं, टीनाची वडी उरली काय. माझं डोकं फिरलं. म्हटलं, एवढी गोड लागते तर शहापूरलेच जाऊन राहा.

आज त्या पिशवीत लुगडी भरून बसल्या आहेत, भाऊजींना न्यायला बोलावलंय म्हणे. गेल्या तर परत येतील का, ही भीती आहे. तुझ्याकडे आनंदात राहतील, ही त्याहून मोठी.

आज जास्त लिहवत नाही.
कुसुमताई

शहापूर, ७ नोव्हेंबर

ती. सौ. कुसुमताईंना सा. न. वि. वि.

आई सुखरूप पोचल्या. त्या रागावून आलेल्या नाहीत, दातांसाठी आल्या आहेत. बैलपोळ्यानंतर त्यांच्या उरलेल्या दाढाही पडल्या. मला फोनवर सांगितलं होतं, कुसुमले सांगू नको, चावत नाही म्हटलं त थे अनारसेच करनार नाही. तोंडात विरघळेल असं काही कर म्हणाल्या, म्हणून तो फज केला. पदराआड नेलेला अनारसा त्यांनी दुधात भिजवून खाल्ला.

काल त्यांना भंडाऱ्याला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. कवळीला दोन आठवडे लागतील. आईंचा एकच प्रश्न होता, अनारसा चावता येईल काय.

पंधरा वर्षांत यंदा पहिल्यांदा मी तुमच्या पुढे गेले असं वाटलं होतं. पण माझ्या वडीला दात लागत नाहीत. तुमच्या अनारशासाठी त्या ब्याऐंशीव्या वर्षी दात बसवून घेत आहेत. तेव्हा आता जळायची पाळी माझी.

तरीही तुमचीच,
टीना

आसगाव, ११ नोव्हेंबर

चि. सौ. टीना हिस आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी वाचून खूप रडले. आईंना सांग, मी चुकले. तांदूळ आजच भिजत घातले आहेत. धान कापणीला आलं असलं तरी कवळी बसेल त्या दिवशी अनारसे घेऊन मी येते.

तोवर त्यांना तुझा फज दे, पण थोडा थोडा. आणि पहिला अनारसा मीच भरवणार. तू मध्ये हात घालायचा नाही.

तुझ्यावर माया आणि थोडी जळफळ, दोन्ही कायम.
कुसुमताई