एका टाकीतले दोन भुंगे

प्रिय अण्णा,

तिकडे तमिळच वाचून देवनागरीची तुझी सवय मोडली असेल, तरी आज मराठीतच लिहिते. अडलास तर मंगलावहिनीला विचार.

तुमच्या तिरुवैयारूहून परतले, पण तुमचा कालवा डोळ्यांपुढून हलत नाही. जलपर्णी इतकी दाटली आहे की तिच्यावरून कोंबडी खुशाल पलीकडे गेली. शेवटच्या शेतांना पाणी नाही. आमच्या प्रयोगशाळेचा नवा भुंगा फक्त हीच वनस्पती खातो, पोंगलआधी तो सोडू, असं गावासमोर मीच सांगितलं होतं. पहिली जागाही तुझ्या केळीच्या बागेलगतची ठरली होती.

सोडण्याआधी मी आणि प्रयोगशाळेतली माझी जोडीदार सरोजा, आम्ही पैदाशीच्या टाकीतल्या भुंग्यांचा डीएनए तपासला. निकाल पाहून सरोजानं सगळं पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. भिंगाखाली हुबेहूब दिसणारे भुंगे दोन वेगळ्या जातींचे निघाले. मग दोन्ही निराळे ठेवून समोर केळीची रोपं ठेवली. एका जातीनं तोंडही लावलं नाही. दुसरीनं कोवळ्या पानांत अंडी घातली आणि अळ्या थेट बुंध्यात शिरल्या.

आमचे संचालक म्हणाले, "समारंभ ठरलाय, अखिला. तसले थोडेच तर आहेत." मी म्हटलं, "सर, एकदा सोडलेला भुंगा परत बोलावता येत नाही." भुंगे सोडण्याच्या परवानगीचा कागद मी सही न करता तसाच ठेवला.  दोन दिवसांनी त्यांनीच वर कळवून समारंभ रद्द केला. आता एकेका मादीची पिल्लं वेगळी वाढवायची, दर पिढीला डीएनए पाहायचा. वर्ष जाईल. जाऊ दे.

हे सांगायला मी आले, तू सगळं ऐकून घेतलंस, आणि निघताना फाटकाशी हळूच म्हणालास, "केळी न खाणाऱ्यांचा एक डबा भरून आण. कोणाला कळणार नाही." मी न बोलता बसमध्ये चढले, तू तो होकार समजलास. काल वहिनीचा फोन आला, डबा कधी आणतेस म्हणून. अण्णा, मी आणणार नाही. केळीला न शिवणाऱ्या जातीचाही नाही, तपासणी पुरी होईपर्यंत. फोनवर तुझा आवाज ऐकून मी डगमगले असते, म्हणून हे लिहिलं. शनिवारी येते, आठवड्याची रजा घेतली आहे. कालवा हातांनी उपसू. गावाला कारण मीच सांगेन, तू माझी बाजू घेऊ नकोस. कोयत्यांना तेवढी धार लावून ठेव.

तुझीच,
अखिला