निरंजनच्या वाट्याची खोली

मी, कस्तुरा जयसिंग वाळुंज, वय ६८, मॅट्रिक पास, राहणार काळेवाडी, हे स्वहस्ते लिहीत आहे. सकाळची पूजा झाली आहे, डोके ठिकाणावर आहे, कोणाची बळजबरी नाही. २०१९ चे माझे मृत्युपत्र यापुढे रद्द समजावे.

१. घर माझ्या नावावर आहे. खालच्या दोन्ही खोल्या थोरला मुलगा सयाजी यास. चाकणच्या कंपनीत शिफ्टा करून त्याने मला सांभाळले.

२. पितळी भांडी व शिलाई मशीन सून स्वप्नालीस. मशीनला तेल घालावे, उगाच नवे घेऊ नये.

३. वरची खोली व यजमानांचा पखवाज धाकटा मुलगा निरंजन यास.

मागच्या वेळी लिहिले होते, त्याने माझ्या तिरडीला शिवू नये. ट्रक लुटला तेव्हा तो पहाऱ्यावर उभा होता; तीन वर्षे तुरुंगात गेली. त्याआधी देवळाची पेटी फोडली म्हणून मी लाटण्याने मारले, डाव्या हाताची करंगळी मोडली. डॉक्टरांना 'पडला' सांगितले. ते खोटे होते.

गेल्या महिन्यात सयाजीने आकुर्डीला सिनेमाला नेले. गुंडांच्या टोळीत अडकलेल्या पखवाजवाल्याची गोष्ट. नुसते खून आणि शिव्या. मी उठणारच होते, तोच पडद्यावर दोन हात आले. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावण्याआधी त्यातला चिमूटभर गोळा कपाळाला टेकवला. ही रीत फक्त आमच्या यजमानांची, निरंजनला त्यांनीच शिकवलेली. करंगळी वाकडी. तोंड नटाचे, हात माझ्या निरंजनचे.

मग तो वाजवू लागला. यजमानांचे चाळीस वर्षे ऐकले, पण असे नाही. माझ्या छातीत कोणी दार ठोठावावे तसे झाले. मी चपला काढून, हात जोडून उभी राहिले.

मागून कोणी ओरडले, "ओ मावशी, बसा की! दिसंना आमाला!"

"बाबा, मला बसवत नाही," मी म्हटले.

सयाजी हळूच म्हणाला, "तिकिटं त्यानंच पाठवली, आई. सांगू नको म्हणाला. तू ओळखतेस का, तेवढंच बघायचं होतं त्याला."

एवढे देणे देवाने ज्या हातांत ठेवले, त्यांवर मी लाटणे उगारले. येत्या रविवारी देहूरोडला त्याच्या दारी जाऊन ओळखले म्हणून सांगणार आहे. त्याने दार उघडले नाही, तरी कलम तीन बदलू नये.

साक्षीदार: अर्जुनराव काळभोर (सही), जयमाला गायकवाड (सही)
लिहून देणार: कस्तुरा जयसिंग वाळुंज (सही)
काळेवाडी, गुरुवार, १६ जानेवारी २०२५