सतरा नंबर आणि पहिलं नको

मिनेसोटा, ऑगस्टचा दुसरा सोमवार

चि. मर्ल यास,

थोरल्या बहिणीचे भरभरून आशीर्वाद. तिकडे ॲरिझोनात दाराची कडीसुद्धा हाताला चटका देते म्हणे, तरी तू आणि लोरेटा खुशाल असाल असं धरून चालते. तुझा गुडघा कसा आहे? (‘बरा आहे’ असं लिहू नकोस. कसा आहे ते लिही. मी असं का म्हणते ते पुढे कळेल.) इकडे आम्ही तिघंही ठीक. तुझ्या दाजींच्या, वेंडेलच्या टकलावर डासांनी अकरा ठिकाणी सही केली आहे, माझी पाठ जमिनीवर झोपायला आता साफ नकार देते आणि बाबा विचारलं की ‘काही वाईट नाही’ म्हणतात. अठ्ठ्याऐंशी वर्षांत त्यांनी याहून जास्त तक्रार केलेली नाही आणि याहून जास्त आनंदही दाखवलेला नाही, हे तुला माहीत आहेच.

पॅडल लेकच्या स्टेट पार्कवरून काल परतलो. तू मे महिन्यात फोनवर बाबांना विचारलंस, ‘मी येऊ का या वेळी?’ बाबा म्हणाले, ‘नको रे, एवढ्या लांबून कशाला,’ आणि तू आला नाहीस. ठीक आहे. मी तो विषय काढत नाही. मी फक्त कॅम्पिंगचं सांगायला बसले आहे.

तर पहिली गोष्ट म्हणजे सतरा नंबर गेला. हो, आपला सतरा नंबर. एक्कावन्न उन्हाळे ज्या जागेवर आपला तंबू उभा राहिला, जिथल्या टेबलावर तू चाकूनं स्वतःचं नाव कोरताना स्पेलिंग चुकवलंस, ती जागा. दोष कुणाचा ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तू तर्क करत बसणार नाहीस. एप्रिलात ज्या सकाळी आठ वाजता कॉम्प्युटरवर ऑगस्टच्या जागा खुल्या होतात, त्या सकाळी मी आणि वेंडेल सव्वासातलाच कॉफी घेऊन बसलो होतो. सतरा नंबर पडद्यावर आणून ठेवला होता. बटण दाबायचं तेवढं बाकी. आठ वाजले. वेंडेल म्हणाला, ‘दाब तू.’ मी म्हटलं, ‘छे, तूच दाब, गेल्या वर्षी मी दाबलं होतं.’ तो म्हणाला, ‘वडील तुझे आहेत, तूच दाब.’ मी म्हटलं, ‘अरे पण कॉम्प्युटर तुझा आहे.’ तो म्हणाला, ‘खरंच दाबू?’ मी म्हटलं, ‘हो, पण तुला दाबायचं नसेल तर...’ आणि आठ वाजून दोन मिनिटांनी सतरा नंबर लाल झाला. आम्हाला मिळाला बत्तीस. बत्तीस म्हणजे शॉवरच्या इमारतीशेजारचा, जिथून तळं दिसत नाही पण दर फ्लशचा आवाज येतो. बाबांना सांगितलं तर म्हणाले, ‘बत्तीस काही वाईट नाही.’

आता तू म्हणशील, जागेचं एवढं काय? मीही तुझ्याइतकी लांब राहिले असते तर हेच म्हटलं असतं. पण बाबांच्या डोळ्यांचं आता उजेड आणि अंधार एवढंच उरलंय. माणूस अगदी नाकाशी आला तर त्याचा चेहरा तेवढा कळतो. डॉक्टर म्हणाले की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तेही राहणार नाही. घरात ते भिंत धरून चालतात, बाहेर माझा हात धरून, आणि हात धरताना त्यांचं तोंड कसं होतं ते मला बघवत नाही. साऱ्या जगात एकच वाट अशी आहे की जिथे त्यांना कुणाचा हात लागत नाही, ती म्हणजे सतरा नंबरच्या टेबलापासून पाण्यापर्यंतची. एक्केचाळीस पावलं. गेल्या वर्षी ती त्यांनी एकट्यानं चालली, बूट काढले, पाय पाण्यात सोडले आणि परत आले. त्यानंतर आठवडाभर ते शीळ घालत होते. या वर्षी ती त्यांना एकदा तरी चालायला मिळावी, एवढंच मला हवं होतं. बाकी मासे मिळोत न मिळोत.

सतरा नंबरवर होतं न्यू जर्सीचं जोडपं, रोझलिन आणि सॅल. पहिल्याच दिवशी आम्ही सहज (म्हणजे अजिबात सहज नाही) तिकडून फिरत गेलो. मी म्हटलं, ‘छान जागा आहे हो तुमची. आम्ही पूर्वी इथेच यायचो.’ रोझलिन जाळीवर मिरच्या भाजत होती. ती म्हणाली, ‘अय्या, मग बदलायची का? आम्हाला काय, कुठेही चालेल.’ मर्ल, इतक्या पटकन! आणि मी म्हटलं, ‘छे छे, नको, आम्ही मजेत आहोत.’ ती म्हणाली, ‘बरं,’ आणि मिरची उलटली.

मी तिथेच उभी राहिले. वेंडेलही उभा राहिला. आम्ही दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होतो. चांगली दोन मिनिटं झाली असतील. शेवटी सॅलनं विचारलं, ‘काही हरवलंय का तुमचं?’

तुला तिकडे राहून बावीस वर्षं झाली, म्हणून आठवण करून देते. आपल्याकडे पहिलं नको हे नको नसतं, ती नुसती रीत असते. दुसऱ्या नकोचा अर्थ विचार चालू आहे असा. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस ‘बरं, तुमचा एवढा आग्रहच असेल तर’ म्हणतो आणि खुर्ची ओढून बसतो. पण जगात अशीही माणसं आहेत की ज्यांना पहिलं नको खरं वाटतं! मला राग येण्याऐवजी भयंकर कुतूहल वाटायला लागलं. ही माणसं जेवतात कशी? यांची लग्नं कशी जुळतात? पक्षी बघायला आणलेली दुर्बीण मी सतरा नंबरवर लावली. (लून पक्षी मला एकही दिसला नाही. सॅल दिवसातून चारदा कॉफी पितो हे मात्र आता खात्रीनं सांगू शकते.)

मग मी प्रयोग केला. लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन गेले आणि म्हटलं, ‘घेता का एखादी?’ रोझलिन म्हणाली, ‘द्या की!’ आणि दोन उचलल्या. पहिल्याच विचारण्याला! सॅलनं तीन. मी घरी असते तर धक्क्यानं मटकन खाली बसले असते. त्यानंतर मी आडून सुचवायला लागले, म्हणजे तिला पुन्हा विचारायला वाव मिळेल. म्हटलं, ‘बत्तीसवर वारा जरा जास्तच आहे, पण हरकत नाही.’ सॅल धावत आला आणि आमच्याभोवती त्याची ताडपत्री बांधून गेला. म्हटलं, ‘आमच्या बाबांना सकाळचं ऊन आवडतं, तिकडे झाडंच फार.’ रोझलिननं त्यांच्यासाठी लोकरीची शाल पाठवली. म्हटलं, ‘पाण्याजवळ असलं की कसं बरं वाटतं ना?’ तर सॅलनं दोन बादल्या भरून पाणी आणून ठेवलं. शनिवारी सकाळपर्यंत त्यांचं निम्मं सामान आमच्याकडे होतं आणि सतरा नंबर मात्र त्यांच्याकडेच. वेंडेल म्हणाला, ‘सरळ सांगून टाकतेस का?’ मी म्हटलं, ‘तू सांग.’ तो म्हणाला, ‘नको, तूच सांग.’ इथवर आल्यावर आम्हाला एप्रिल आठवला.

या सगळ्यात बाबा बत्तीस नंबरच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसून होते. ‘काही वाईट नाही’ हेही त्यांनी म्हणायचं सोडलं होतं.

शनिवारी दुपारी वेंडेल मासे धरायला गेला होता आणि मी दुर्बीण लावून बसले होते. रोझलिन टॉवेल घेऊन निघाली, ती आमच्या बाजूला शॉवरकडे येत होती, तेवढं मला दिसलं. माझ्या पाठीमागे बाबा उठले ते दिसलं नाही. त्यांनी म्हणे टेबलाला हात लावला, पाठ टेबलाकडे केली आणि सतरा नंबरवर असल्यासारखी पावलं मोजायला सुरुवात केली. एक्केचाळिसाव्या पावलाला ते बायकांच्या शॉवरच्या पायरीवर होते. आतून पाण्याचा आवाज येत होता. ते पायरीवर बसले, बूट काढले, मोजे काढून बुटात नीट घडी करून ठेवले आणि पाय पुढे केले. पाय सिमेंटवर पडले.

तिथे रोझलिनला ते सापडले. तिनं आरडाओरडा केला नाही. (आतल्या एका बाईनं केला, पण तो वेगळा विषय.) तिनं विचारलं, ‘आजोबा, कुठे निघाला होतात?’ बाबा म्हणाले, ‘तळ्यावर.’ मग मात्र तिनं ‘नेऊ का’ असं काही विचारलंच नाही. म्हणाली, ‘चला, हात द्या.’ यावर नको कसं म्हणायचं ते बाबांना कुणी शिकवलेलंच नाही, त्यामुळे ते निघाले. जाता-येता त्यांनी तिला एक्केचाळीस पावलांचं सगळं सांगितलं. जे मला सांगितलं नाही ते टॉवेल खांद्यावर टाकलेल्या परक्या बाईला सांगितलं. मर्ल, मला तेव्हा रडू आलं, ते इथे लिहून टाकते. नाहीतर मीही म्हणायची, काही वाईट नाही.

बाबांना खुर्चीत बसवून रोझलिन माझ्याकडे वळली. ‘अहो बाई, तोंड नाहीये का तुम्हाला? मी विचारलं नव्हतं का, जागा बदलू म्हणून?’

‘एकदाच विचारलंत,’ मी म्हटलं.

‘मग किती वेळा विचारायचं?’

‘तीनदा.’

ती बाकावर बसली. मग तिनं बोटं वर केली आणि एका दमात म्हणाली, ‘जागा हवी का? जागा हवी का? जागा हवी का?’ आणि माझं तोंड बघ मर्ल, चौसष्ट वर्षांची सवय, ते आपोआप म्हणालं, ‘छे, नको... नाही, खरंच नको... बरं, तुमचा एवढा आग्रहच असेल तर.’ ती इतकी हसली की सॅल तिकडून चिमटा हातात घेऊन धावत आला. ऑफिसात जाऊन नोंद बदलायला आणि तंबू हलवायला तासभर लागला. शाल, ताडपत्री आणि बादल्या आम्ही परत नेऊन दिल्या. त्या तिनं पहिल्या झटक्यात परत घेतल्या.

संध्याकाळी ऊन उतरायच्या आत बाबा सतरा नंबरच्या टेबलापाशी उभे राहिले. आम्ही चौघंही मागे. ते चालायला लागले आणि मोठ्यानं मोजायला लागले. सातव्याला बर्चचं झाड, तिथे हात लावला. बाराव्याला थांबले आणि म्हणाले, ‘मर्लचा खुंट.’ (नऊ वर्षांचा असताना तू मासा निसटला म्हणून जिथे दिवसभर रुसून बसला होतास तो. आता अर्धा कुजलाय.) खुंटावर हात फिरवला, तिथे कुणी बसलंय का बघावं तसा. मग पुढे निघाले. यंदा पाणी वर आलंय, त्यामुळे अडतिसाव्या पावलालाच ते बुटांसकट तळ्यात गेले. आम्ही धावलो. ते तिथेच उभे राहून हसत होते. म्हणाले, ‘तीन पावलं वाचली!’ आणि आज सकाळपासून घरात शीळ चालू आहे.

असो. पत्र लांबलं. लोरेटाला आशीर्वाद. वेंडेलचा नमस्कार.

तुझी ताई,
आर्लिस

ता. क. लिंबाच्या वड्यांचा आईचा पत्र्याचा डबा न्यू जर्सीला गेला. निघताना मी रोझलिनला म्हटलं, ‘डबा राहू दे हो तुमच्याकडेच.’ तिनं ठेवून घेतला. एवढं सगळं होऊनही मी शिकले नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

ता. क. दुसरा. आता मुद्दा. मेमध्ये बाबांनी तुला नको म्हटलं ते पहिलं नको होतं, आणि तू न्यू जर्सीवाल्यांसारखं ‘बरं’ म्हणून मिरची उलटलीस. त्या फोननंतर ते दोन दिवस फोनशेजारच्या खुर्चीतून हलले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, ही खुर्ची काही वाईट नाही. आईनं सुद्धा त्यांना दोनदा नको म्हटलं होतं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं म्हणून तू आणि मी आहोत. चेहरा त्यांना या हिवाळ्यापर्यंत दिसेल, तोही नाकाशी आला तर. फोन कर.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करण्याआधी हे सगळं पत्र बाबांना वाचून दाखवलं, दुसऱ्या ता. क.सकट. ऐकून घेतलं, शीळ थांबवली आणि म्हणाले, ‘उगाच त्याला कशाला त्रास? नको म्हणून कळव.’ तसं कळवते आहे. मोजून ठेव, हे दुसरं.