पाळलेली शपथ

बारामती,
शुक्रवार, २२ नोव्हेंबर १९३५

तीर्थस्वरूप मामंजींच्या चरणी पद्माचा शिरसाष्टांग नमस्कार. घरी सगळी खुशाल, असं लिहायची रीत आहे. ती या वेळी सोडते. इंदापूरला थंडी पडली असेल. सासूबाईंनी पाठवलेलं मेतकूट पोचलं.

आपलं पत्र मिळालं. "चिंतामणाने खंडोबाची शपथ मोडली म्हणून देव कोपला. रविवारी राम गाडी घेऊन येईल, त्याला इकडे आणून पुन्हा भंडारा उचलायला लावू," असं आपण लिहिलंत.

मामंजी, शपथ मोडली नव्हती. ह्यांनी ती पाळली, म्हणूनच मरणाच्या दारात गेले. गेल्या रविवारी आपल्या देवघरात भंडारा उचलल्यापासून ह्यांनी दारूचा थेंबही घेतला नव्हता. मंगळवारी हात असे कापू लागले की आमटीची वाटी धरवेना. भिंतीवर विंचू चढताहेत म्हणून ओरडायला लागले. मी वेडी, केरसुणी घेऊन भिंत झाडत बसले. मग आकडी आली. शेजारच्या छबूबाई म्हणाल्या, "वैनी, देवाचं हाय हे. लिंबू उतरवा." लिंबू मी सरबताला ठेवलं आणि डॉक्टरांना बोलावलं.

ते म्हणाले, "इतक्या वर्षांची दारू एकदम तोडली की शरीर बंड करतं. हा आजार आहे, पाप नव्हे. सुटेल, पण माझ्या देखरेखीखाली, रोज थोडी थोडी कमी करत. पुन्हा एकदम तोडलीत तर पुढची आकडी जीव घेईल."

लोक बोलतात ते खरं काय, असंही आपण विचारलंय. ते लिहायचं मी मघापासून टाळतेय. तर होय. गुत्त्यावर मीच गेले होते. भर दुपारी, डोक्यावर पदर घेऊन, वकिलांची बायको! ह्यांना पोचवायला आलेले आपले धाकटे, रामभावजी, घरातच होते. पण त्यांना अब्रू आडवी आली. गुत्तेवाला मानसिंग उठूनच उभा राहिला. "बाईसाहेब, तुमी हितं? कुणाला तरी धाडायचं व्हतं की!" मी म्हटलं, "नवरा माझा आहे. बाटली दे." डॉक्टरांनी सांगितली तेवढीच, औषधाच्या पेल्यातून, माझ्या हाताने पाजली. ह्यांची थरथर उतरली तेव्हा मी रडले. लाज मात्र वाटली नाही. आजही वाटत नाही.

आता माप रोज उतरतंय. काल ह्यांनी आपल्या हाताने भाकरी मोडली. रविवारी भंडारा उचलला, तर उरलेलीही एकदम तुटेल. आणि हे शपथ पाळतील हो, तेवढे हट्टी आपल्यावरच गेलेत! म्हणून गाडी पाठवू नये. पाठवलीत तर दारात मी उभी असेन. देवावर माझा राग नाही. हे बरे झाले की जेजुरीला मीच घेऊन जाईन, तळी भरायला.

सून म्हणून मला टाकायचं असेल तर खुशाल टाका. विधवा म्हणून सांभाळण्यापेक्षा ते बरं.

आपली,
ही एक आज्ञा न पाळणारी सून,
पद्मा