चिरकाच्या ताब्यात असलेल्या डाव्या बुटाबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
पंचायत समिती कार्यालय,
जि. सातारा.

विषय : शाळेच्या व्हरांड्यात टांगलेला बूट पिल्ले उडेपर्यंत न काढणेबाबत.

संदर्भ : सदर बूट शुक्रवारपर्यंत उतरवून कार्यालयात जमा करणेबाबत मुख्याध्यापकांस आलेले आपले पत्र.

महोदय,

सदर बूट माझा आहे, हे प्रथम नमूद करतो. फौजेतून घरी आल्यापासून तो माळ्यावर पडून होता. शाळेत घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून पाखरांसाठी घरटी करण्याचा उपक्रम निघाला, तेव्हा माझी नात शिवांजली (इयत्ता चौथी) हिने त्याला तारेची कडी लावली, टाचेला पाणी जायला भोक पाडले आणि तो टांगला. थोड्याच दिवसांत चिरक पक्ष्याच्या जोडीने आत काड्या नेल्या व अंडी घातली.

त्यानंतर आपले विस्तार अधिकारी तपासणीस आले. ट्रॅक्टरला काळी चप्पल टांगतात, तसा हा बूट शाळेला दृष्ट लागू नये म्हणून टांगला आहे, असे समजून त्यांनी शेरा मारला : 'अंधश्रद्धा'. आत पाखरू आहे, हे पोरे ओरडून सांगत होती. साहेबांनी खात्रीसाठी छडीने बूट ढोसला. एक अंडे फुटून त्यांच्या शर्टावर आले. दुसरा शेरा : 'अस्वच्छता'.

या उपक्रमात प्रथम क्रमांक मिळाला तो बाजारातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या घराला. त्यात स्पंजची चिमणी डिंकाने चिकटवली होती. ती घाण करत नाही, हे मान्य. महोदय, मला या प्रकाराची शिसारी आली आहे.

उरलेल्या अंड्यांतून आता पिल्ले निघाली आहेत. फुटलेल्या अंड्याचे कवच शिवांजलीने जास्वंदीखाली पुरले. त्या दिवशी ती जेवली नाही. आपले पत्र आल्यापासून ती मला विचारते, "आबा, पाखराला कसं सांगायचं, शुक्रवारी घर खाली कर म्हणून?" याचे उत्तर आपण लेखी कळवावे, चिरकाला वाचून दाखवण्याची जबाबदारी माझी.

तरी पिल्ले उडेपर्यंत मुदत द्यावी, ही विनंती. तोवर मी बुटाखाली खुर्ची टाकून बसलो आहे. आपल्या दप्तरी बूट जमा दाखवणे भागच असल्यास त्याच जोडीतला उजवा पाठवत आहे. तो रिकामा आहे. त्यात छडी घालून खात्री करावी. यात अपमानाचा हेतू नाही, असे लिहा म्हणून मुख्याध्यापक सांगतात, म्हणून लिहिले.

आपला, अजून तरी नम्र,
सुभेदार (निवृत्त) लालासाहेब ज्ञानू साळुंखे
मु. खालची वाडी
दि. २ एप्रिल २०२५

सोबत : उजवा बूट, एक नग, नाडीसह. पोच मिळावी.