धुतलेल्या क्लोरोक्विनच्या गोळ्या

वडीगोद्री, गुरुवार, सप्टेंबर १९७४

शिसारी आली आज. आरोग्य खात्याच्या ड्युटीवर मलेरियाच्या गोळ्या घेऊन पाटलांकडं गेल्तो. सून थंडीतापानं कुडकुडून राह्यली होती. पण सासूनं क्लोरोक्विन माझ्या हातून घेतलं न्हाई, उंबऱ्यावर ठेवायला लावलं. मंग वाटीत पाणी घेऊन गोळ्या चोळून चोळून धुतल्या. का, तर आम्ही बौद्ध! पाणी पांढरं झालं. अहो, ते औषधच विरघळून राह्यलंय, म्हटलं. तरी ते पांढरं पाणी अंगणात फेकलं, अन् वर म्हणते, "मागच्या बारीलाबी धुऊनच दिल्त्या. तुमच्या गोळ्यांत दमच न्हाई."

घरी आलो तरी ते पांढरं पाणीच दिसून राह्यलं.

आमच्या वस्तीत रक्त पिलेला डास तिच्याच सुनेला चावतो. त्याला ही बाई कोणत्या पाण्यानं धुणार?