दोन हजार सोळाची बाटली

१२ मे २०२५
पोचलो एकदाच्या सिंगापूरला! मी आणि माझी नऊ वर्षांची लेक जाई. नवरा, प्रबोध, दिवाळीनंतर येईल. टॅम्पिनीसचा फ्लॅट लहान आहे, पण खालीच हॉकर सेंटर, खाण्याच्या टपऱ्यांचा बाजार, म्हणजे पोळ्या लाटायच्या कंटाळ्यावर इलाज हाताशी.

नाशिकच्या वाइनरीत अकरा वर्षं शेनिन ब्लाँ चाखून थुंकण्यात घालवली. आता त्याच द्राक्षाच्या माहेरून, फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातून, येणाऱ्या बाटल्या सांभाळायच्या. गोदाम तेरा अंशांवर असतं. सिंगापूरला येऊन स्वेटर घालणारी मीच पहिली असेन!

मालक निशिकांत वीस वर्षं इथं आहेत, तरी बोलणं अस्सल पुणेरी. टेबलावर त्यांच्या मुलाचा फोटो आहे, डाव्या हातात बॅट धरलेला. नील. दोन वर्षांपूर्वी पुलाउ उबीन बेटावर समुद्रात बुडाला. जन्म जाईच्याच सालचा.

१९ मे
जाई रुळली. नूडलवाली आंटी, लिफ्टमधली अनोळखी बाईही आंटी. इथं कुठल्याही मोठ्या बाईला आंटीच म्हणतात, हे वळण मला आवडलं.

आमच्या धंद्यातली एक जुनी हौस आहे: मुलाच्या जन्मसालची बाटली घ्यायची, गळ्यात त्याच्या नावाची चिठ्ठी बांधायची, मूल मोठं झालं की उघडायची. जाईच्या साली, २०१६ला, हिमानं लुआरची द्राक्षं जळाली होती, त्यामुळे त्या सालची बाटली दुर्मीळ. निशिकांतनी ती मला भेट दिली! चिठ्ठीवर 'जाई' मी माझ्या हातानं लिहिलं. त्यांनी ती नीलच्या बाटलीला अगदी लागून ठेवली, म्हणाले, एकाच सालची दोघं, सोबत होईल. मला भरून आलं. नीलची बाटली अर्धी रिकामी दिसली. बूच खराब असेल.

२ जून
जाईच्या बाटलीतली वाइन चार बोटं उतरली आहे. एवढी घट पन्नास वर्षांत होते, पंधरा दिवसांत नाही. रॅक कोरडा, बूच घट्ट. नीलच्या बाटलीत मात्र चार बोटं वाढ. मी दोनदा मोजलं.

जाई जेवत नाही. गणवेश अंगावर लोंबतो. हवापालट असेल, दुसरं काय!

९ जून
डॉक्टरांना काही सापडत नाही. रक्त ठीक, पोट ठीक. पण जाईला जिना चढवत नाही. बाटली अर्ध्यावर आली आहे, नीलची बुचापर्यंत भरली आहे.

सकाळी जाईची बाटली लांबच्या रॅकवर ठेवली. दुपारी ती परत नीलशेजारी. निशिकांतना जाब विचारला तर ते रडायला लागले. म्हणाले, आता थोडंच राहिलंय. मला भीती वाटते. खरंच भीती वाटते.

१० जून
लुआरमधल्या वूव्रे गावी मादाम ओदिलना फोन केला. ही वाइन त्यांच्याच घरची. ऐंशीची म्हातारी ओरडलीच माझ्यावर. एका सालच्या, नावं घातलेल्या दोन बाटल्या अंगाला अंग लावून ठेवत नाहीत, मेलेल्याची बाटली जिवंताची पिते, हे त्यांच्याकडे पोराटोरांनाही माहीत. उपाय विचारला. जिथं गेली तिथूनच परत ओतायची, म्हणाली. पण, असं म्हणून पुढं काही सांगत होती —
मी फोन ठेवला. ऐकायला वेळ कुठं होता?

११ जून
दोन्ही उघडल्या. जाईची गळ्यापर्यंत भरेस्तोवर नीलची ओतली. बूच ठोकलं.
निशिकांत दारात उभे होते. अडवलं नाही.
हसत होते — का?

संध्याकाळ
जाई उठली! गालांवर रंग. दोन वाट्या वरणभात खाल्ला. देवा, तुझे उपकार —
डाव्या हातानं खाल्ला.

१२ जून
बेल वाजायच्या आधीच तिनं दार उघडलं. निशिकांत. त्यांना बिलगली. बाबा म्हणाली.
मी ओढलं तिला. नाव घेऊन हाक मारली. तिनं वळून पाहिलं, लिफ्टमधल्या बाईकडे पाहावं तसं. आंटी, मी घरी जाऊ का, म्हणाली.
ती बूट घालतेय. मी एका हातानं तिला धरलंय, एका हातानं लिहितेय, कुणाला तरी कळावं म्हणून —
तिचा हात ओला आहे. सुटतोय —
अर्धी वाइन तर तिचीच होती. अर्धी जाई आत असेलच. हाक मारतेय. ती थांबली, ती माझ्याकडे —